कृष्णाकाठानं, अवयवदानाचं बोलत

ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही काही जण वाईहून निघालो आणि कृष्णेच्या काठाकाठानं नरसोबाच्या वाडीपर्यंत गेलो. वाटेतले घाट, देवळं, संगम सगळं पाहिलं, पण निघण्याचं कारण वेगळं होतं. गावोगावी थांबून लोकांशी अवयवदानाबद्दल बोलायचं होतं. सोबत प्रत्यारोपण विभागात काम केलेल्या एक कोऑर्डिनेटर ताई होत्या, एक निवृत्त नेत्रतज्ज्ञ डॉक्टर होते आणि एक रिक्षावाले दादा. दादांना एका मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड मिळालं आहे. तो दाता कोण हे त्यांना ठाऊक नाही, कारण आपल्याकडे दात्याची ओळख गुप्त ठेवतात. बाकी आम्ही पत्रकं वाटणारे, सतरंज्या उचलणारे.

भर पावसात का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. टोकणी, भांगलणी उरकली की या दिवसांत गावातली माणसं जरा हाती लागतात. उन्हाळ्यात लग्नं आणि जत्रा, पुढे गणपती, मग साखर कारखाने. बोलायला निवांत संध्याकाळ लागते, ती याच दिवसांत मिळते.

पहिला दिवस : वाई

धोम धरणातून पाणी सोडलेलं होतं. कृष्णा गढूळ आणि जोरात वाहत होती, ढोल्या गणपतीच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. भुरभुर पाऊस दिवसभर थांबला नाही.

दुपारी एका शाळेच्या सभागृहात पहिली बैठक झाली. वाईकर शांतपणे ऐकतात, टाळ्याही वाजवतात. शेवटी प्रतिज्ञापत्रं वाटली तर पटापट भरून परत आली. आम्ही खूश. कोऑर्डिनेटर ताईंनी मात्र गठ्ठा हातात घेऊन समोरच्यांना विचारलं, "यातलं कोण आज घरी जाऊन हे सांगणार आहे?" हात अगदी थोडे वर आले.

मग त्या जे बोलल्या, तेच पुढे सगळा प्रवासभर आमच्या बोलण्याचा कणा झालं. "कार्डावर सही तुमची असते. पण वेळ येते तेव्हा तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसता. आम्ही विचारतो ते तुमच्या बायकोला, मुलाला, आईला. त्यांनी तुमच्या तोंडून कधी काही ऐकलेलंच नसेल, तर त्या घडीला ते काय सांगणार?"

व्यवहार तसाच आहे. प्रतिज्ञेचा फॉर्म ७ क्रमांकाचा, तो कागदावर भरता येतो किंवा अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकानं नोंदवता येतो. पण प्रत्यक्ष दानाच्या वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती फॉर्म ८ वर घेतली जाते. घरच्यांनी नाही म्हटलं तर डॉक्टर पुढे जात नाहीत. म्हणून कुणी असा कार्यक्रम करणार असेल तर माझा आग्रह आहे की फॉर्म तिथल्या तिथे भरून घेऊ नका. घरी न्यायला द्या. साक्षीदार म्हणून घरच्याच माणसाची सही घ्यायला सांगा, म्हणजे बोलणं आपोआप निघतं.

मुक्कामाला एका शिक्षकांच्या घरी झुणका-भाकरी, लसणीची चटणी आणि वाफाळता भात. बरोबर आठ वाजता दादांच्या मोबाइलचा गजर वाजला आणि त्यांनी खिशातली डबी काढली. सकाळी आठ, रात्री आठ. शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, वेळ चुकवून चालत नाही. जेवणानंतर शिक्षकांच्या आईनं परसातलं पपनस सोलून पुढे ठेवलं. दादांनी हात जोडले. पपनसामुळे या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, त्यामुळे त्यांना ते चालत नाही. कापून ठेवलेली कोशिंबीर नाही, बाहेरचं पाणी नाही, गरम ताजं अन्न तेवढं. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी उकळत ठेवलं. सकाळी निघताना त्यांची बाटली भरलेली होती.

दुसरा दिवस : संगम माहुली आणि रहिमतपूरच्या बाजूची गावं

साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. देवळं सुंदर आहेत, दगड पावसानं काळेभोर झालेले. स्मशानभूमीही इथेच. तिथे काम करणाऱ्या एका माणसानं आमचं पत्रक घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "इथं आल्यावर विचारतात हो लोकं. सरणावर ठेवताना कुणाला तरी आठवतं, म्हाताऱ्याला डोळं द्यायचं हुतं म्हणून."

डॉक्टरांना हे ऐकून वाईट वाटलं. आयुष्यभर बुबुळं बसवण्याचं काम केलेला माणूस. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं आणि ते घरी झालेल्या मृत्यूनंतरही होतं. त्यांनी त्या माणसाला जे समजावलं ते इथे लिहून ठेवते. मृत्यू झाला की पापण्या मिटवाव्यात, डोळ्यांवर ओला स्वच्छ कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी घालून डोकं उंच ठेवावं, पंखा बंद करावा आणि लगेच नेत्रपेढीला फोन करावा. पथक घरी येतं, पैसे लागत नाहीत, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, चष्मा असो, मधुमेह असो, डोळे देता येतात. वयाची अट नाही. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा, हे डॉक्टरांचं नेहमीचं सांगणं.

संध्याकाळी एका गावात दूध डेअरीसमोर थांबलो. गावात बोलायचं असेल तर दूध घालायच्या वेळेसारखी वेळ नाही. घरटी एक माणूस येतोच, कॅन रांगेत ठेवून थांबतोच, आणि बायकाही असतात. सभेला येत नाहीत त्या इथे मोकळेपणानं बोलतात.

अशाच एका बाईंनी विचारलं, "माणूस मेलंय म्हणता, मग अंग गरम कसं? छाती हलत्या, नाडी लागत्या. अशा माणसाचं काळीज काढून घ्यायचं?"

हाच खरा प्रश्न. तो कुणी विचारला नाही तर समजावं की लोक मनातल्या मनात नाही म्हणून घरी निघालेत. ताई पायरीवर बसल्या आणि घाई न करता बोलल्या. मेंदूला जबर मार लागला किंवा आत मोठा रक्तस्राव झाला की मेंदू सुजतो. कवटीत जागा नसते, रक्तपुरवठा बंद पडतो आणि मेंदू, मेंदूच्या देठासकट, कायमचा मरतो. श्वास घ्यायचा हुकूम त्या देठाकडून येतो. तो गेला की माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. छाती हलवतं ते व्हेंटिलेटर. हृदयाला मात्र स्वतःची चालना असते, त्यामुळे प्राणवायू मिळतो तोवर ते काही काळ चालू राहतं. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, त्यामुळे कोमा वेगळा आणि हे वेगळं.

"आणि हे ठरवतं कोण?" मागून एकानं विचारलं. ठरवतात चार डॉक्टर, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यांत नसतात. बुबुळात उजेड टाकून पाहतात, डोळ्याला कापूस लावून पापणी हलते का पाहतात, घशात नळी घालून ठसका येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून फक्त प्राणवायू देत आठ-दहा मिनिटं छातीकडे बघत उभे राहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मेंदूचा देठ जरासा जरी जिवंत असेल तर छाती उचलणारच. तशी ती उचलली नाही, तरीसुद्धा किमान ६ तास थांबून सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तरच मेंदूमृत्यू जाहीर होतो.

"मी त्या खोलीत कितीदा उभी राहिलेय," ताई म्हणाल्या. "त्या दहा मिनिटांत कुणी कुणाशी बोलत नाही. सगळ्यांना वाटत असतं, छाती हलावी."

डेअरीसमोर कुणी काही बोललं नाही. मग एक म्हातारी कॅनचं झाकण लावत त्या पहिल्या बाईला म्हणाली, "अगं, वाऱ्यानं उन्मळून पडलेल्या झाडाची पानं दोन दिस हिरवीच असत्यात की. म्हणून झाड काय जितं म्हणायचं?" यापुढे ताईंनी प्रत्येक गावात हेच वाक्य वापरलं, आणि दर वेळी कुण्या गावच्या आजींचं आहे हेही सांगितलं.

तिसरा दिवस : कराड

३ ऑगस्ट. हा भारतीय अवयवदान दिन. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही त्याच वर्षीचा.

प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, ते पावसाळ्यात बघावं. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपासून महाविद्यालयातल्या मुलामुलींसोबत फेरी काढली. पाऊस इतका आला की फलकांवरची अक्षरं ओघळली. पत्रकं प्लास्टिकच्या पिशवीत आणि फलक फ्लेक्सचेच घ्यावेत, कागदाचे नकोत. गाणी-घोषणा छान झाल्या, पण खरं काम झालं ते नंतर, भिजलेल्या अंगानं चहा पिताना.

मुलांच्या डोक्यात देहदान, अवयवदान आणि नेत्रदान एकच होतं. मोठ्यांच्याही असतं. देहदान म्हणजे शिक्षणासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला देह देणं. डोळे दिल्यावर देहदान करता येतं. हृदय, यकृत, मूत्रपिंडं असे अवयव दिल्यावर मात्र तो देह अभ्यासाला घेत नाहीत, तो अंत्यसंस्कारासाठी घरच्यांकडे येतो. शवविच्छेदन झालेला देहही देहदानाला चालत नाही. आणि अवयवदान व्हायचं तर मृत्यू बहुधा अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असताना झालेला असावा लागतो. असे मृत्यू मुळातच थोडे. त्यातही दर दहा लाख लोकांमागे आपल्या देशात वर्षाला एकही दाता मिळत नाही. स्पेनमध्ये हाच आकडा चाळिसाच्या वर आहे, आणि तिथेही घरच्यांना विचारूनच पुढे जातात.

एका मुलीनं विचारलं, "जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त का दिसतात?" दिसतात, आणि आकडेही तेच सांगतात. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका अधिक आहेत, अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक. आई देते, बायको देते, बहीण देते. यावर मला उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तिचा प्रश्नच सगळ्यांनी ऐकायला हवा होता. एवढं बोलले की मृत्यूनंतरचं दान वाढलं तर घरातल्या बायकांवरचं हे ओझं उतरेल. अवयवदानाच्या प्रचारामागचं हे कारण आपण पुरेसं सांगत नाही.

चौथा दिवस : औदुंबर

भिलवडीकडून औदुंबरला आलो तेव्हा ऊन पडलं होतं. दत्ताच्या देवळाखालचा घाट अर्धा पाण्यात. वाटेवरच्या घरांच्या भिंतींवर २०१९ च्या पुराच्या खुणा अजून दिसतात, कुठे कुठे माणसाच्या डोक्यावर. शेजारच्या गावात जेवण झालं. कृष्णाकाठची वांगी, भरलेली, शेंगदाण्याचं कूट घातलेली, आणि ज्वारीची भाकरी. या वांग्याचं कौतुक ऐकून होते, ते कमीच होतं म्हणायचं.

संध्याकाळची बैठक उरकल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. पन्नाशीचे असतील, पांढरी टोपी, हातात छत्री. सगळे गेल्यावर ताईंपाशी येऊन म्हणाले, "आम्हाला विचारलं होतं."

त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू गेल्याचं सांगितलं आणि थोड्या वेळानं एका मॅडमनी अवयवदानाचा विषय काढला. "मी त्यांच्या अंगावर ओरडलो. पोराची आई म्हणाली, त्याला आता आणखी कापू नका. कुणालाच काय सुचत नव्हतं. मी नाही म्हणून सही केली." ते थांबले. "घरात हे नाव कधी निघालंच नव्हतं हो. तो काय म्हणाला असता, तेपण मला म्हाईत न्हाई."

मग त्यांनी विचारलं, "हो म्हटलो असतो तर किती जणांना मिळालं असतं?"

एक दाता आठ जणांना जीवदान देऊ शकतो, हे वाक्य आमच्या प्रत्येक पत्रकावर आहे. त्या दिवशी ताईंनी ते उच्चारलं नाही. त्या म्हणाल्या, "दादा, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. विचारणं हे त्या बाईंचं काम, कायद्यानंच ते रुग्णालयावर टाकलंय. पण तुम्ही तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकलात तो त्या दिवशी. त्यात तुमचा काही दोष नाही."

ते बराच वेळ उभे होते. रिक्षावाले दादा त्यांच्याजवळ गेले, काही बोलले नाहीत, नुसते शेजारी उभे राहिले. शेवटी त्या गृहस्थांनी विचारलं, "उद्या सकाळी जाणार कधी? जायच्या आधी आमच्या आळीत बोला."

सकाळी सात वाजता त्यांनी स्वतः घरोघरी जाऊन माणसं गोळा केली होती. ओट्यावर सतरंजी, शेजारच्या बायका, दोन्ही भाऊ, भावजया, पुतणे. पोराची आई दाराच्या आत बसून ऐकत होती. त्या गृहस्थांनी स्वतः एक शब्द काढला नाही. सगळ्यांना चहा दिला. फॉर्म वाटायचे नाहीत असं आम्ही आधीच ठरवलं होतं. ताईंनी इतकंच सांगितलं की आज रात्री जेवताना एकमेकांना सांगा, तुमच्या बाबतीत काय व्हावं असं तुम्हाला वाटतं. नाही वाटत असेल तर तेही सांगा. एका पुतण्यानं तिथेच आपल्या आईकडे बघून सांगितलं, "माझं सगळं देऊन टाकायचं बरं का." आई रागावली, "सकाळी सकाळी काय बोलतोस!" पण त्यानं सांगितलं आणि तिनं ऐकलं.

पाचवा दिवस : सांगली, मिरज

आयर्विन पुलावर लोक पाणी बघायला जमतात, हा सांगलीचा पावसाळ्यातला नेम. १९२९ चा पूल. ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ ला धोका, हे इथल्या लहान पोरांनाही पाठ. माणसं उभी होतीच, आम्ही त्यांच्यातच उभे राहिलो. माईक नाही, फलक नाही. असं बोलणं मला सगळ्यांत आवडलं.

इथे प्रश्न रोखठोक आले. पैसेवाल्यांनाच मिळतं ना? याचं उत्तर रिक्षावाले दादांनी दिलं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस, अशी कित्येक वर्षं काढली. नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे नोंदवलेलं. यादी रक्तगट, वाट पाहण्याचा काळ, आजाराची निकड अशा गोष्टींवर चालते. ऑपरेशनच्या खर्चासाठी धर्मादाय संस्थांनी हात दिला. "रिक्षावाल्याला मिळालं, हा घ्या पुरावा," म्हणून त्यांनी पोटावर हात ठेवला. विकत घेणाऱ्या-विकणाऱ्याला २०११ च्या दुरुस्तीनंतर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे, हे ताईंनी पुढे जोडलं. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर पडत नाही, हेही.

एका तरुणाला ग्रीन कॉरिडॉरबद्दल कुतूहल होतं. हृदय शरीराबाहेर चार ते सहा तासच टिकतं, यकृताला त्याहून थोडा अधिक वेळ मिळतो, मूत्रपिंड दिवसभर राहू शकतं. म्हणून पोलीस सिग्नल थांबवून रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा करून देतात. "म्हणजे आम्ही ट्रॅफिकमध्ये थांबतो ते यासाठी," तो म्हणाला. पुढच्या वेळी तो हॉर्न वाजवणार नाही, याची मला खात्री आहे.

मिरजेत फार थांबता आलं नाही. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीतून चक्कर मारली, भडंग घेतलं, पुढे निघालो.

सहावा दिवस : नरसोबाची वाडी

पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगलेल्या. पाणी देवळाकडे चढत होतं आणि लोक दक्षिणद्वाराची वाट बघत होते. पुराचं पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांना स्पर्श करून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा तिथे स्नान करायला गर्दी लोटते. त्या दिवशी पाणी तिथवर पोचलं नव्हतं, पण लांबलांबून आलेली माणसं मुक्काम ठोकून होती.

देवस्थानच्या गावात धर्माच्या शंका फार येतील, अशी आमची तयारी होती. आल्याही, पण थोड्या. पुढच्या जन्मी डोळे नसतील ही भीती एका आजींनी बोलून दाखवली, आणि त्यांच्याच सुनेनं त्यांना दधीची ऋषींची आठवण करून दिली. बाकीच्यांच्या काळज्या फार साध्या होत्या. चेहरा विद्रूप दिसेल का? नाही, टाके घालून देह नीट करून देतात, शेवटचं दर्शन घेता येतं. किती वेळ लागेल? संमतीनंतर बराच, कधी दिवसभर, आणि हे आधीच खरं सांगितलेलं बरं, कारण बाहेर पाहुणे ताटकळत असतात. अपघाताची पोलीस केस असेल तर? तरीही दान होतं, पोलिसांची परवानगी घेऊन आणि शवविच्छेदनाशी मेळ घालून. प्रचार करणाऱ्यांनी अध्यात्माची उत्तरं जरूर तयार ठेवावीत, पण या तीन प्रश्नांची उत्तरं आधी पाठ करावीत.

बासुंदी आणि कवठाची बर्फी न घेता वाडीहून कुणी परतत नाही. दादांनी बर्फी घरच्यांसाठी बांधून घेतली. त्यांना स्वतःला गरम वरण-भात मिळाला, तोही आठच्या गजरानंतर.

पुढचा फेरा वारणाकाठानं काढायचं चाललंय. दिवाळी झाल्यावर लगेच, गळीत हंगामानं जोर धरायच्या आत, कारण एकदा तोड सुरू झाली की संध्याकाळी डेअरीसमोर कुणी थांबत नाही. गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांना आधी भेटायचं, ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं, नेत्रपेढ्यांचे क्रमांक छापलेले स्टिकर जास्त न्यायचे. आणि औदुंबरजवळच्या त्या गृहस्थांनी कळवलंय की तेही येणार आहेत.